इंडेक्सची सुसंगती आणि अनाथ नोंदी: तपासणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः पोस्टग्रेस वापरणाऱ्यांसाठी आहे. मायएसक्यूएल, एसक्यूलाइट आणि इतर डेटाबेसबद्दलचे प्रश्न शेवटाकडे आहेत. उदाहरणासाठी दूध संस्थेचा साधा डेटाबेस घेतला आहे. ‘सभासद’ हे मूळ टेबल. ‘संकलन’ या टेबलात रोजच्या दुधाच्या नोंदी आहेत आणि प्रत्येक नोंदीत सभासद क्रमांक आहे. इंडेक्स म्हणजे टेबलातली नोंद चटकन सापडावी म्हणून डेटाबेसनं ठेवलेली क्रमवार सूची.

अनाथ नोंद आणि बिघडलेला इंडेक्स, हे एकच का?

नाही. ‘संकलन’मधली नोंद सभासद क्रमांक ४५२ सांगते, पण ‘सभासद’मध्ये ४५२ नाहीच. ही झाली अनाथ नोंद. इथे टेबलातला डेटाच चुकलेला असतो.

इंडेक्स बिघडतो तेव्हा टेबलातला डेटा बरोबर असूनही इंडेक्स वेगळंच सांगतो. सभासद ४५२ टेबलात आहे, पण इंडेक्समधून शोधलं की सापडत नाही. किंवा इंडेक्समध्ये नोंदींचा क्रम चुकलेला असतो, त्यामुळे शोध चुकीच्या फांदीत शिरतो आणि रिकाम्या हातानं परततो.

मग दोन्हींची तपासणी एकत्र का करायची?

कारण फॉरिन की, म्हणजे ‘संकलन’मधला सभासद क्रमांक ‘सभासद’मध्ये असायलाच हवा हा नियम, स्वतः इंडेक्सवर विसंबून असते. ‘संकलन’मध्ये नवी नोंद घालताना पोस्टग्रेस आतून ‘सभासद’वर एक छोटी क्वेरी चालवतं आणि ती बहुतेक वेळा प्रायमरी कीच्या (इथे सभासद क्रमांकाच्या) इंडेक्समधून जाते. तो इंडेक्स बिघडला असेल तर सभासद असूनही ‘नाही’ असं उत्तर येतं आणि योग्य नोंद नाकारली जाते.

याहून घातक प्रकार सभासद काढून टाकताना घडतो. त्याची संकलनं शोधण्यासाठी ‘संकलन’वरचा इंडेक्स वापरला जातो. त्यातून काही नोंदी गळाल्या असतील तर पोस्टग्रेसला वाटतं की याच्या नावावर काही उरलेलं नाही. ‘ऑन डिलीट कॅस्केड’, म्हणजे मूळ नोंदीबरोबर तिच्याशी जोडलेल्या नोंदीही पुसण्याचा नियम, असेल तर त्या नोंदी मागे राहतात. कॅस्केड नसेल तर जे डिलीट अडायला हवं होतं ते बिनबोभाट पार पडतं. दोन्ही वेळा अनाथ नोंदी तयार होतात आणि एररही येत नाही.

म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी इंडेक्स तपासा, मग अनाथ नोंदी शोधा, मग दुरुस्ती करा. हा क्रम उलटवला तर अनाथ नोंदी शोधणारी क्वेरीच बिघडलेल्या इंडेक्समधून जाते. मग धडधाकट नोंदी अनाथ ठरतात आणि कुणीतरी त्या पुसून टाकतं. इंडेक्स पुन्हा बांधता येतो, पण पुसलेली नोंद बॅकअपशिवाय परत येत नाही.

कोणती लक्षणं दिसली की तपासणी करावी?

- एकच क्वेरी कधी नोंद दाखवते, कधी नाही. विशेषतः ‘व्हेअर’मधली अट थोडी बदलली की.
- युनिक इंडेक्स असूनही टेबलात एकाच कोडच्या दोन नोंदी आहेत.
- मूळ नोंद डोळ्यांसमोर असताना फॉरिन कीची एरर येते.
- रिपोर्टमधली बेरीज जॉइन लावल्यावर कमी होते. हे अनाथ नोंदींचं सर्वांत ठळक लक्षण. ‘संकलन’ची नुसती बेरीज आणि ‘सभासद’शी जोडून केलेली बेरीज यांत फरक आला, तर तो फरक अनाथ नोंदींचा असू शकतो.

लक्षण नसलं तरी तीन प्रसंगी तपासणी करायलाच हवी: सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यावर, डिस्क किंवा वीजपुरवठ्याचा बिघाड झाल्यावर, आणि फॉरिन की बंद ठेवून मोठा डेटा भरल्यावर.

इंडेक्स बिघडतो तरी कशामुळे?

मजकुराच्या कॉलमवरच्या इंडेक्सबाबत पहिला संशय कोलेशनवर घ्या, म्हणजे अक्षरांच्या क्रमाच्या नियमांवर. त्याबद्दल पुढे सविस्तर आहे.

दुसरं कारण पोस्टग्रेसमधल्या चुका. आवृत्ती १४.० ते १४.३ मध्ये ‘कन्करंटली’ पद्धतीनं, म्हणजे टेबलाचा वापर न थांबवता, बांधलेल्या किंवा पुन्हा बांधलेल्या इंडेक्समधून नोंदी गळू शकत होत्या. जून २०२२ मध्ये आलेल्या १४.४ मध्ये ती चूक दुरुस्त झाली. पण नुसतं १४.४ वर गेल्यानं आधी बिघडलेले इंडेक्स आपोआप सुधारत नाहीत, ते पुन्हा बांधावेच लागतात. त्या काळातला सर्व्हर पुढे तशाच फाइलींसह नव्या आवृत्तीवर नेला असेल, तर ते इंडेक्स अजून तिथेच असू शकतात.

तिसरं कारण एक्स्प्रेशन इंडेक्स, म्हणजे कॉलमऐवजी फंक्शनच्या उत्तरावर बांधलेला इंडेक्स. स्वतः लिहिलेल्या फंक्शनला ‘इम्यूटेबल’ (त्याच इनपुटला नेहमी तेच उत्तर देणारं) म्हणून इंडेक्समध्ये वापरलं आणि नंतर फंक्शनची व्याख्या बदलली, तर जुन्या नोंदी जुन्या उत्तरानं आणि नव्या नोंदी नव्या उत्तरानं बसतात. पोस्टग्रेस यावर काही सूचना देत नाही.

चौथं कारण डिस्क, कंट्रोलर, मेमरी, किंवा ‘एफसिंक’ (लिहिलेलं खरंच डिस्कवर पोचलं याची खात्री करणारं सेटिंग) बंद ठेवणं. एफसिंक बंद असलेला सर्व्हर वीज जाऊन बंद पडला, तर डेटाबेसच्या कोणत्याच भागावर भरवसा ठेवू नका.

ऑपरेटिंग सिस्टिम बदलली तर इंडेक्सवर परिणाम का व्हावा?

कारण पोस्टग्रेस मजकुराचा क्रम बहुतेक ठिकाणी ऑपरेटिंग सिस्टिमच्या सी लायब्ररीला विचारून ठरवतं. लिनक्सवर ती लायब्ररी म्हणजे जीलिबसी. २०१८ मध्ये आलेल्या तिच्या २.२८ आवृत्तीत क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. डेबियन १० आणि रेड हॅट ८ यांत २.२८ आहे. उबंटू १८.०४ मध्ये २.२७ होती, सेंटओएस ७ मध्ये २.१७. म्हणजे सेंटओएस ७ वरची डेटा डिरेक्टरी उचलून रेड हॅट ८ च्या घराण्यातल्या सर्व्हरवर ठेवली, की मजकुराचे इंडेक्स जुन्या क्रमानं बांधलेले आणि शोध नव्या क्रमानं, अशी अवस्था होते.

फरक पाहण्यासाठी इंग्रजी आकड्यांत दोन ओळी घ्या, ‘१-१’ आणि ‘११’, आणि अमेरिकन इंग्रजी यूटीएफ-८ लोकेल लावून दोन्ही सर्व्हरवर ‘सॉर्ट’ चालवा. जुन्या लायब्ररीत ‘११’ आधी येतं, नव्या लायब्ररीत ‘१-१’ आधी येतं. सभासद कोड, गट नंबर, पावती क्रमांक यांत डॅश असतोच, म्हणून हा बदल अगदी रोजच्या वापरातल्या कॉलमना लागतो.

धोका टेक्स्ट, व्हारकॅर अशा मजकुराच्या कॉलमवरच्या बी-ट्री (क्रमानं लावलेल्या, नेहमीच्या प्रकारच्या) इंडेक्सना आहे. पूर्णांक, तारीख, यूयूआयडी, बाइटए (कच्चे बाइट) यांच्या इंडेक्सना नाही. ‘सी’ कोलेशन वापरणाऱ्या कॉलमनाही नाही, कारण तिथे क्रम थेट बाइटवरून ठरतो. मजकुराच्या रेंजवरून टेबलाचं पार्टिशन केलं असेल, म्हणजे त्याचे तुकडे पाडले असतील, तर मात्र इंडेक्स बांधून भागत नाही, कारण नोंदीच चुकीच्या पार्टिशनमध्ये पडलेल्या असू शकतात. त्या काढून पुन्हा भराव्या लागतात.

स्टँडबाय सर्व्हरलाही, म्हणजे मुख्य (प्रायमरी) सर्व्हरची सतत प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरलाही, हेच लागू आहे. प्रायमरी जुन्या लायब्ररीवर आणि स्टँडबाय नव्या लायब्ररीवर असेल, तर स्टँडबायवरच्या वाचनात नोंदी गळतील. आणि ज्या दिवशी स्टँडबायला प्रायमरी कराल, त्या दिवसापासून युनिक इंडेक्स डुप्लिकेट आत घेऊ लागेल.

‘कोलेशन व्हर्जन मिसमॅच’ची वॉर्निंग येते. तिच्यात सुचवलेली रिफ्रेशची कमांड चालवली की झालं ना?

नाही. ‘रिफ्रेश कोलेशन व्हर्जन’ फक्त कॅटलॉगमधला (डेटाबेसच्या स्वतःबद्दलच्या माहितीच्या टेबलांतला) आवृत्तीचा आकडा बदलते. वॉर्निंग गप्प होते, इंडेक्स तसेच राहतात, आणि नंतर येणाऱ्या माणसाला काही घडलं होतं याचा मागमूसही लागत नाही. आधी त्या कोलेशनवरचे सगळे इंडेक्स पुन्हा बांधा, मग रिफ्रेश करा. डेटाबेसच्या मूळ कोलेशनची आवृत्ती ठेवण्याची सोय पोस्टग्रेस १५ पासून आहे. त्याआधीच्या आवृत्तीत वॉर्निंग आली नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

आमच्या कॉलममध्ये मराठी मजकूर आहे. वेगळी काळजी घ्यावी लागते का?

हो, दोन बाबतींत.

पहिली बाब क्रमाची. की म्हणून वापरायच्या कॉलमला ‘सी’ कोलेशन द्या, म्हणजे लायब्ररी बदलली तरी इंडेक्स हलत नाही. मात्र बाइटच्या क्रमानं ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये येतो, मराठी वर्णक्रमात तो ‘ह’नंतर यायला हवा. त्यामुळे सभासदांची यादी छापताना ‘ऑर्डर बाय’मध्ये आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं मराठी कोलेशन सांगा. की आणि छपाई यांचे क्रम वेगळे ठेवण्यात काहीच गैर नाही.

दुसरी बाब दिसायला सारख्या, पण बाइटनं वेगळ्या असलेल्या मजकुराची. मजकुरावरून जोडलेल्या टेबलांत यामुळे चक्क अनाथ नोंदी तयार होतात. ‘ॲग्रो’मधला ‘ॲ’ एका कळफलकावरून यू+०९७२ हे एकच अक्षर म्हणून येतो, दुसऱ्यावरून ‘अ’ आणि ‘ॅ’ अशा दोन अक्षरांनी. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला ‘ऱ्य’ तर तीन प्रकारे येतो: यू+०९३१ वापरून, ‘र’ला नुक्ता जोडून, किंवा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक यू+२००डी वापरून.

पोस्टग्रेस १३ पासून असलेलं ‘नॉर्मलाइझ’ फंक्शन यांतलं पहिले दोन ‘ऱ्य’ एक करतं. तिसरा ‘ऱ्य’ आणि दोन प्रकारचे ‘ॲ’ युनिकोडच्या नियमांनुसार समान मानले जात नाहीत, म्हणून ते फंक्शन त्यांना हात लावत नाही. त्यांच्यासाठी ‘रिप्लेस’चा स्वतंत्र नियम लिहावा लागतो, आणि तो डेटा आत येतानाच लावावा. एखादी नोंद विनाकारण अनाथ दिसली तर दोन्ही बाजूंचा मजकूर बाइटएमध्ये बदलून हेक्समध्ये पाहा, फरक लगेच दिसतो.

गावाच्या किंवा संस्थेच्या नावावरून टेबलं जोडू नका, क्रमांकावरून जोडा. वरचे सगळे नियम त्यानंतरही टिकून राहिलेल्या जुन्या डेटासाठी आहेत.

इंडेक्स प्रत्यक्ष कसा तपासायचा?

‘ॲमचेक’ हे एक्स्टेन्शन पोस्टग्रेस १० पासून सोबत येतं. ते त्या डेटाबेसमध्ये ‘क्रिएट एक्स्टेन्शन’नं चालू करावं लागतं. १४ पासून ‘पीजी_ॲमचेक’ हा कमांड लाइनचा प्रोग्रॅमही आहे. तो सगळी टेबलं आणि बी-ट्री इंडेक्स एका फेरीत तपासतो, ‘जॉब्स’ पर्यायानं एकाच वेळी अनेक कनेक्शन वापरतो आणि सांगितल्यास एक्स्टेन्शनही बसवून घेतो.

१. आधी कॅटलॉग पाहा. ‘पीजी_इंडेक्स’मध्ये ‘इंडिसव्हॅलिड’ खोटं असलेले इंडेक्स शोधा. हे अर्धवट राहिलेले इंडेक्स असतात. क्वेरी त्यांना वापरत नाही, पण प्रत्येक नोंद लिहिताना त्यांचा भार पडतोच.

२. सगळ्या बी-ट्री इंडेक्सवर ‘बीटी_इंडेक्स_चेक’ चालवा. ते इंडेक्सच्या पानांतला (डिस्कवरच्या ठोकळ्यांतला) क्रम तपासतं. साध्या वाचनाइतकंच लॉक घेतं, त्यामुळे चालू कामात अडथळा येत नाही. डिस्कवर वाचनाचा भार मात्र पडतो, म्हणून गर्दीची वेळ टाळा.

३. मग तेच ‘हीपऑलइंडेक्स्ड’ पर्याय लावून चालवा. हा पर्याय ११ पासून आहे. टेबलातली इंडेक्समध्ये असायला हवी अशी प्रत्येक नोंद तिथे खरंच आहे का, हे तो पाहतो. गळालेल्या नोंदी इथेच पकडल्या जातात. १४.०–१४.३ चा बिघाड शोधायचा असेल तर ही पायरी वगळून चालणारच नाही, कारण तिथे क्रम ठीक असतो आणि फक्त नोंद गायब असते.

४. टेबलाच्या पानांसाठी १४ पासून ‘व्हेरिफाय_हीपॲम’ आहे. पीजी_ॲमचेक ते आपोआप चालवतं.

तिसऱ्या पायरीला मेमरी लागते. प्रत्येक नोंदीमागे सुमारे २ बाइट मिळाले, तर एखादी गळालेली नोंद नजरेतून सुटण्याची शक्यता २ टक्क्यांच्या आत राहते. ही मेमरी ‘मेंटेनन्स_वर्क_मेम’मधून येते आणि तिचा मूळ आकडा ६४ एमबी असतो. म्हणजे सुमारे ३.३ कोटी नोंदींपर्यंत मूळ सेटिंग पुरतं. १० कोटी नोंदींचं टेबल असेल तर त्या सेशनपुरते २०० एमबी द्या.

१७ पासून ‘चेकयुनिक’ पर्यायही आहे. युनिक इंडेक्समध्ये एकाच कीच्या दोन जिवंत नोंदी आहेत का, ते तो पाहतो.

‘पॅरेंट चेक’ कधी वापरायचं?

‘बीटी_इंडेक्स_पॅरेंट_चेक’ वरच्या आणि खालच्या पानांमधलं नातंही तपासतं, पण टेबलावर असं लॉक घेतं की इन्सर्ट, अपडेट, डिलीट आणि व्हॅक्यूम (मृत नोंदींची सफाई) थांबतात. चालू सर्व्हरवर दिवसा चालवू नका. बॅकअपमधून उभ्या केलेल्या वेगळ्या सर्व्हरवर चालवणं उत्तम. स्टँडबायवर हे चालत नाही, तिथे साधं ‘बीटी_इंडेक्स_चेक’च चालतं.

आमच्याकडे डेटा चेकसम चालू आहेत. तरी हे सगळं करायचं?

हो. पान डिस्कवर लिहिलं तसंच परत आलं का, एवढंच चेकसम सांगतो. चुकीच्या क्रमानं लिहिलेल्या पानाचा चेकसमही बरोबरच येतो. कोलेशनचा बिघाड, गळालेली नोंद, अनाथ नोंद यांपैकी काहीही त्यात दिसत नाही.

इंडेक्समध्ये मृत नोंदींकडे नेणारे दुवे आहेत. हा बिघाड आहे का?

नाही. पोस्टग्रेसमध्ये अपडेट किंवा डिलीट झालेली नोंद व्हॅक्यूम होईपर्यंत टेबलात आणि इंडेक्समध्ये राहते. हे रोजचंच आहे. फार साठल्या असतील तर ऑटोव्हॅक्यूम का मागे पडतोय ते पाहा, बहुधा एखादं तासन्‌तास उघडं राहिलेलं ट्रान्झॅक्शन सापडेल.

अनाथ नोंदी शोधणारी क्वेरी कशी लिहावी?

‘संकलन’मधल्या अशा नोंदी निवडा, ज्यांचा सभासद क्रमांक नल (रिकामा) नाही आणि ज्यांच्यासाठी ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरून ‘सभासद’मध्ये जुळणारी नोंद सापडत नाही.

‘नॉट इन’ वापरू नका. आतल्या यादीत एक जरी नल आला तरी उत्तर शून्य नोंदी येतं आणि सगळं ठीक आहे असा समज होतो.

क्वेरी संशयित इंडेक्समधून जाऊ नये म्हणून ट्रान्झॅक्शन सुरू करून ‘सेट लोकल’नं ‘एनेबल_इंडेक्सस्कॅन’, ‘एनेबल_इंडेक्सओन्लीस्कॅन’ आणि ‘एनेबल_बिटमॅपस्कॅन’ हे तिन्ही बंद करा. मग ‘एक्स्प्लेन’, म्हणजे क्वेरी कोणत्या मार्गानं जाणार ते, पाहा. दोन्ही टेबलांवर ‘सीक्वेन्शियल स्कॅन’ (इंडेक्सशिवाय पूर्ण वाचन) आणि वर ‘हॅश अँटी जॉइन’ दिसायला हवं. त्यानंतर तीच क्वेरी इंडेक्स चालू ठेवून चालवा. दोन्ही आकडे वेगळे आले तर आधी इंडेक्स दुरुस्त करा, अनाथ नोंदींना हात लावू नका.

मिळालेल्या नोंदी तारखेनुसार आणि क्रमांकानुसार गटात मोजून पाहा. सगळ्या एकाच दिवसाच्या असतील तर त्या दिवशीचा एखादा इम्पोर्ट कारण असतो. रोज थोड्या थोड्या असतील तर ॲप्लिकेशनमध्येच भोक आहे, आणि ते बुजवल्याशिवाय साफसफाईला अर्थ नाही.

फॉरिन की लावलेली आहे, तरी अनाथ नोंदी आल्या कशा?

बिघडलेला इंडेक्स हे एक कारण वर आलंच. बाकीची नेहमीची कारणं अशी:

- डेटा भरताना ‘डिसेबल ट्रिगर ऑल’ वापरलं, किंवा ‘सेशन_रेप्लिकेशन_रोल’ रेप्लिका केला. पोस्टग्रेसमध्ये फॉरिन की ट्रिगरनंच राबवली जाते, म्हणून ट्रिगर बंद म्हणजे तीही बंद. पुन्हा चालू केल्यावर मधल्या काळातल्या नोंदी तपासल्या जात नाहीत.
- फॉरिन की ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून (जुन्या नोंदी न तपासता) लावली आणि ‘व्हॅलिडेट’ करायचं राहून गेलं.
- दोन कॉलमची फॉरिन की आहे आणि त्यातला एक कॉलम नल आहे. मूळ नियमानुसार, म्हणजे ‘मॅच सिंपल’मध्ये, अशी नोंद तपासलीच जात नाही. संस्था क्रमांक आणि सभासद क्रमांक अशी जोडी असेल तर दोन्ही कॉलम ‘नॉट नल’ करा.
- सभासद खरा पुसलेला नाही, फक्त ‘रद्द’ असा शेरा मारला आहे. डेटाबेसच्या दृष्टीनं नोंद अनाथ नाही, पण रिपोर्ट रद्द सभासद गाळत असेल तर बेरीज चुकतेच.

कॅटलॉगमध्ये फॉरिन की ‘व्हॅलिडेटेड’ दिसते. तीच पुन्हा व्हॅलिडेट केली तर खात्री होईल?

होणार नाही. आधीच व्हॅलिड असलेल्या फॉरिन कीवर ‘व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट’ काहीच करत नाही. यशस्वी झाल्याचा निरोप देतं आणि परततं. वरची क्वेरी चालवा, किंवा फॉरिन की काढून ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून पुन्हा लावा आणि मग व्हॅलिडेट करा.

बिघडलेला इंडेक्स दुरुस्त कसा करायचा?

काहीही करण्याआधी डेटा डिरेक्टरीची जशीच्या तशी प्रत घ्या. दुरुस्तीत पुरावा नष्ट होतो आणि नंतर कारण शोधता येत नाही.

मग ‘री-इंडेक्स’. पोस्टग्रेस १२ पासून त्याला ‘कन्करंटली’ पर्याय आहे. त्यात लिहिणं-वाचणं चालू राहतं, पण नवा इंडेक्स जुन्याच्या शेजारी उभा राहत असल्यानं तेवढी जागा डिस्कवर मोकळी हवी. हे ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये चालत नाही, आणि जुनं उघडं ट्रान्झॅक्शन असेल तर ते संपेपर्यंत थांबून राहतं. मध्येच बंद पडलं तर नावाच्या शेवटी ‘_सीसीन्यू’ असलेला अवैध इंडेक्स उरतो, तो काढून पुन्हा सुरुवात करा. ‘_सीसीओल्ड’ उरला असेल तर नवा इंडेक्स बांधून झालेला आहे, फक्त जुना काढा.

इंडेक्स बिघडल्यामुळे आत्ता या क्षणी चुकीचा डेटा शिरत असेल, तर कन्करंटलीच्या नादी न लागता काम थांबवा आणि साधं री-इंडेक्स करा.

‘की डुप्लिकेट आहे’ असं सांगून री-इंडेक्स अडलं. आता?

बिघडलेल्या युनिक इंडेक्सनं आधीच डुप्लिकेट आत घेतले आहेत. इंडेक्स स्कॅन बंद करून ‘ग्रुप बाय’ आणि ‘हॅविंग काउंट’ एकाहून जास्त, अशी क्वेरी चालवा. प्रत्येक डुप्लिकेटचा ‘सीटीआयडी’, म्हणजे टेबलातली जागा, सोबत घ्या, कारण दोन्हींची की सारखीच असल्यानं वेगळं ओळखायला दुसरं काही नसतं.

इथे एक मोठा धोका आहे. सभासद ४५२ च्या दोन नोंदींपैकी एक डिलीट केली आणि फॉरिन कीवर ‘ऑन डिलीट कॅस्केड’ असेल, तर ४५२ ची सगळी संकलनं पुसली जातात. त्याच क्रमांकाचा दुसरा सभासद शिल्लक आहे, हे कॅस्केड पाहत नाही. म्हणून डुप्लिकेट काढण्याआधी ती फॉरिन की काढा, किंवा तेवढ्या ट्रान्झॅक्शनपुरता ‘सेशन_रेप्लिकेशन_रोल’ रेप्लिका करा. कोणती नोंद ठेवायची हे संस्थेच्या कागदपत्रांवरून ठरवा, सगळ्यात नवी तीच खरी असं गृहीत धरू नका. काढायची नोंद वेगळ्या टेबलात उतरवा. सीटीआयडी अपडेटनंतर बदलतो, म्हणून शोधणं आणि काढणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, टेबल लॉक करून करा.

सापडलेल्या अनाथ नोंदींचं काय करायचं?

लगेच डिलीट करू नका. ‘संकलन’मधली अनाथ नोंद म्हणजे कुणाचं तरी घातलेलं दूध आणि न मिळालेले पैसे असू शकतात. तीन मार्ग आहेत. मूळ सभासद बॅकअपमध्ये सापडला तर तो परत घाला, हा सर्वांत चांगला. क्रमांक चुकला आहे हे सिद्ध झालं तर तो दुरुस्त करा. दोन्ही शक्य नसेल तर नोंद ‘अनाथ_संकलन’ अशा वेगळ्या टेबलात हलवा आणि सोबत तारीख, कारण व मूळ फॉरिन कीचं नाव लिहा. डिलीटला ‘रिटर्निंग’ जोडून एकाच क्वेरीत हलवणं आणि उतरवणं दोन्ही होतं.

नोंदी लाखांत असतील तर ५,००० ते १०,००० च्या तुकड्यांत हलवा. आणि खालून वर या: आधी या अनाथ नोंदींवर विसंबलेल्या नातवंड टेबलांतल्या नोंदी, मग मुलांच्या टेबलांतल्या. नाहीतर वरची साफ करता करता खाली नव्या अनाथ नोंदी तयार होतात.

त्यानंतर फॉरिन की चालू सर्व्हरवर कशी लावायची?

थेट लावली तर सगळं टेबल तपासून होईपर्यंत दोन्ही टेबलांवरचं लिहिणं अडतं. त्याऐवजी ‘लॉक_टाइमआउट’ ५ सेकंद ठेवून ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून लावा, हे क्षणात होतं आणि नव्या नोंदींना लगेच लागू होतं. मग वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये ‘व्हॅलिडेट’ करा, त्यात लिहिणं चालू राहतं. ‘संकलन’च्या सभासद क्रमांकावर इंडेक्स आहे ना ते पाहा. पोस्टग्रेस तो आपोआप बांधत नाही, आणि तो नसेल तर एक सभासद काढायला पूर्ण ‘संकलन’ वाचलं जातं.

मायएसक्यूएलमध्ये काय वेगळं आहे?

‘फॉरिन_की_चेक्स’ शून्य करून डेटा भरला आणि पुन्हा एक केला, तर मधल्या नोंदी तपासल्या जात नाहीत. मायएसक्यूएलडंपची फाइल सुरुवातीलाच हे शून्य करते, म्हणून डंप निमूटपणे चढला याचा अर्थ अनाथ नोंदी नाहीत असा होत नाही. खात्रीसाठी ‘नॉट एक्झिस्ट्स’ क्वेरी चालवा. किंवा चेक्स चालू ठेवून फॉरिन की काढून पुन्हा लावा, त्यात टेबलाची पूर्ण प्रत बनते, त्यामुळे वेळ राखून ठेवा. ८.० मध्ये कॉलमच्या ओळीतच ‘रेफरन्सेस’ लिहिलं तर ते काहीही न बोलता दुर्लक्षित होतं, स्वतंत्र ‘फॉरिन की’ ओळ लागते. मायआयसॅम या जुन्या प्रकारच्या टेबलांत तर फॉरिन की नसतेच.

इंडेक्ससाठी ‘चेक टेबल’ आहे, पण इनोडीबीमध्ये (मायएसक्यूएलच्या नेहमीच्या टेबल प्रकारात) ते दुय्यम इंडेक्समधला दुवा मूळ नोंदीपर्यंत जातो का हे पडताळत नाही. खराब पान भेटलं तर ते सर्व्हर बंदही पाडू शकतं. म्हणून चालू सर्व्हरऐवजी प्रतीवर चालवा. ‘रिपेअर टेबल’ इनोडीबीवर चालत नाही. दुय्यम इंडेक्स काढून पुन्हा बांधा, किंवा पूर्ण टेबल नव्यानं बांधा.

आणि एसक्यूलाइटमध्ये?

मोबाइल ॲपमध्ये बहुतेक वेळा हेच असतं. फॉरिन की मुळात बंद असतात, प्रत्येक कनेक्शन उघडल्यावर ‘प्रॅग्मा फॉरिन_कीज’ चालू करावं लागतं. एक कनेक्शन विसरलं की अनाथ नोंदी सुरू.

‘प्रॅग्मा इंटिग्रिटी_चेक’ इंडेक्समधून गळालेल्या नोंदी सांगतं, पण फॉरिन की पाहत नाही. त्यासाठी ‘प्रॅग्मा फॉरिन_की_चेक’ वेगळं आहे. ते प्रत्येक अनाथ नोंदीचं टेबल, रोआयडी (नोंदीचा अंतर्गत क्रमांक) आणि मूळ टेबलाचं नाव देतं. इंटिग्रिटी_चेक १०० चुकांवर थांबतं, म्हणून १०० ओळी आल्या तर खऱ्या चुका जास्त समजा. ‘क्विक_चेक’ वेगवान आहे, पण इंडेक्स टेबलाशी जुळतो का हे तेच गाळतं, त्यामुळे इथे उपयोगाचं नाही.

एसक्यूएल सर्व्हर किंवा ओरॅकल असेल तर?

एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘डीबीसीसी चेकडीबी’ फॉरिन की तपासत नाही, त्यासाठी ‘डीबीसीसी चेककन्स्ट्रेंट्स’ आहे. ‘सिस.फॉरिन_कीज’मध्ये ‘इज_नॉट_ट्रस्टेड’ १ असलेल्या, म्हणजे सगळ्या नोंदींवर न पडताळलेल्या, कीज आधी शोधा. ओरॅकलमध्ये ‘व्हॅलिडेट स्ट्रक्चर कॅस्केड’ टेबल आणि इंडेक्स जुळवून पाहतं, आणि ‘एनेबल नोव्हॅलिडेट’ अवस्थेतल्या फॉरिन कीमागे जुन्या अनाथ नोंदी लपलेल्या असू शकतात.

हे सगळं किती वेळा करावं?

अवैध इंडेक्स आणि नॉट व्हॅलिड फॉरिन कीज यांची कॅटलॉग क्वेरी रोज चालवा, ती सेकंदात होते. साधा बी-ट्री चेक आठवड्याला, हीपऑलइंडेक्स्ड महिन्याला. अनाथ नोंदींची क्वेरी प्रत्येक मोठ्या इम्पोर्टनंतर आणि बिलाच्या आधी.

रोज बॅकअप घेतो. तो बरोबर आहे हे कसं कळणार?

फाइलींची प्रत म्हणून घेतलेल्या बॅकअपमध्ये बिघडलेला इंडेक्सही जसाच्या तसा जातो. ‘पीजी_डंप’ मात्र टेबलातल्या नोंदी काढतं आणि इंडेक्सची फक्त व्याख्या. तो डंप मोकळ्या सर्व्हरवर चढवताना आधी डेटा भरला जातो, मग युनिक इंडेक्स बांधले जातात, मग फॉरिन कीज लागतात. डुप्लिकेट असतील तर इंडेक्स बांधताना अडतं, अनाथ नोंदी असतील तर फॉरिन की लावताना अडतं, आणि एररमध्ये की दिलेली असते. ‘नॉट व्हॅलिड’ कीज मात्र तशाच चढतात आणि काही बोलत नाहीत. म्हणून रिस्टोअरचा लॉग जपून ठेवा आणि त्यातली प्रत्येक एरर वाचा. रिस्टोअर चालू ठेवण्यासाठी एरर दुर्लक्षित करणारी स्क्रिप्ट वापरत असाल, तर शेवटी त्या मोजून शून्य नसतील तेव्हा काम अयशस्वी ठरवायला लावा.